सीताफळावरची कीड आणि कोयत्याचे वेळापत्रक

सीताफळाच्या बागेत फळावर पांढरे दिसू लागले की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एकच प्रश्न येतो: "पांढऱ्यावर काय मारू?" बीड जिल्ह्यात बागायतदारांबरोबर काम करणाऱ्याला ऑगस्ट-सप्टेंबरात हा प्रश्न रोजच ऐकावा लागतो. बाटल्या मांडणीवर असतात, उत्तर लगेच मिळते, आणि काही दिवसांनी तोच शेतकरी पुन्हा त्याच काउंटरवर उभा असतो. असे का होते ते फळ हातात घेऊन पाहिले की कळते. सीताफळाचे डोळे जिथे एकमेकांना टेकतात त्या खाचेत पिठ्या ढेकूण बसलेला असतो. नखाने खाच उकरली तर आत सगळ्या वयाची कीड सापडते: मोठ्या माद्या, पिवळसर पिल्ले, कापसासारख्या पिशवीत अंडी. मादीच्या अंगावरच्या मेणावरून पाणी ओघळून जाते, अंड्यांच्या पिशवीत औषध शिरत नाही, आणि खाचेच्या तळाशी तर पंपाचा तुषार पोचतच नाही. एका मादीच्या पिशवीत तीन-चारशे अंडी सहज असतात. वरचे मेले तरी खाली उरलेले वाढतच राहतात. औषधाला खरे बळी पडते ते अंड्यातून नुकतेच निघालेले, अंगावर मेण न चढलेले रांगते पिल्लू. पण ते रांगत असते तेव्हा फळ पांढरे दिसत नाही, म्हणून तेव्हा कोणी विचारायला येत नाही.

गेल्या काही वर्षांत यावर नव्या पद्धतींची नावे गावोगाव पोचली आहेत. पिठ्या ढेकूण खाणारे भुंगेरे, किडीला रोग लावणारी बुरशी, फळमाशीच्या नराला ओढणारे गंध सापळे. शिवारफेऱ्या होतात, प्रात्यक्षिके होतात, आणि वर्षभरात "करून बघितलं, काही फरक पडला नाही" असे म्हणणारेही भेटतात. त्यांच्या बोलण्यात खोटे काही नसते. माझे म्हणणे असे की या पद्धती खऱ्या आहेत, त्यामागचे शास्त्र पक्के आहे, पण आपण त्या रासायनिक औषधाच्या बाटलीच्या जागी ठेवून विकत घेतो आणि वापरतो. बाटली एका शेतकऱ्याची असते, एका एकराची असते आणि कीड दिसल्यावर उघडायची असते. या पद्धतींना शेजारचा बांध लागतो, डोंगर लागतो आणि कीड दिसत नसतानाचे महिने लागतात. बीडमध्ये तर याला आणखी एक गाठ आहे. ज्या महिन्यांत काम करायचे, त्या महिन्यांत निम्मे गाव ऊसतोडीला गेलेले असते.

बीडचे सीताफळ ही मुळात बागेची गोष्ट नव्हे. बालाघाटाच्या डोंगरउतारांवर, धारूर, अंबाजोगाई, मांजरसुंबा, पाटोदा या पट्ट्यात ते आपोआप वाढत आले. शेळ्या-गुरे त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, मुरमाड हलक्या जमिनीत ते तग धरते आणि पावसाळा संपता संपता फळ देते. दुष्काळी मुलखाला याहून सोयीचे झाड मिळणे अवघड. या फळाला 2016 मध्ये 'बीड सीताफळ' म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे आणि धारूर-6 हा वाण याच मातीतून निवडलेला. अलीकडे बाळानगर आणि बार्शीकडचा एनएमके-1 म्हणजे 'गोल्डन' यांच्या ठिबकवरच्या आखीव बागाही उभ्या राहिल्या. म्हणजे आज जिल्ह्यात सीताफळाची झाडे दोन प्रकारची: ओळीत लावलेली, छाटणी-खत-पाणी मिळणारी, आणि बांधावर, गायरानात, डोंगरावर उभी असलेली, ज्यांची फळे कोणीही तोडावीत आणि ज्यांच्याकडे बाकी वर्षभर कोणी पाहू नये. किडीच्या दृष्टीने मात्र हे सगळे एकच रान आहे. (याच झाडाचा पाला आपण दशपर्णी अर्कात घालतो आणि बियांची पूड पूर्वी डोक्यातल्या उवांसाठी वापरत. बीमधली द्रव्ये कीटकांना खरोखर घातक आहेत. फळाच्या सालीवर बसून रस पिणाऱ्या पिठ्याला त्याचे काही वाटत नाही.)

नव्या पद्धतींची गरज का, याचे एक कारण फुलातच आहे आणि ते फार कमी बोलले जाते. सीताफळाचे फूल आधी मादी अवस्थेत असते, नंतर त्याच फुलातले पराग सुटतात, त्यामुळे स्वतःच्या परागाने फळ धरणे कठीण. परागवहन करतात ते मधमाश्या नव्हेत, तर फुलाच्या मांसल पाकळ्यांच्या आत शिरणारे, मोहरीच्या दाण्याएवढे तपकिरी भुंगेरे. मे अखेरीपासून जुलैपर्यंत फुले येतात. त्याच काळात, आधीच्या वर्षीच्या धास्तीने, अनेक जण सगळ्या किडींवर चालणारे कडक औषध एकदा मारून ठेवतात. ते पिठ्याच्या मेणावरून ओघळते आणि उघड्यावर फिरणाऱ्या भुंगेऱ्याला नेमके लागते. मग फळधारणा कमी झाली, फळे एका बाजूने चपटी, वाकडी निघाली, की त्याचे खापर पावसावर किंवा वाणावर फुटते. पाऊस आणि उष्णता यांचाही वाटा असतोच, तो नाकारायचे कारण नाही. पण अर्धवट परागवहनाने डोळे न भरलेले फळ कसे दिसते हे एकदा ओळखता आले की फवारणीच्या खर्चात बाटली आणि मजुरी यांच्या पुढे आणखी एक रकाना घालावा लागतो.

पिठ्या ढेकणावरचा मित्रकीटक म्हणजे क्रिप्टोलीमस हा लालसर डोक्याचा काळा भुंगेरा. त्याला नवा म्हणणेही तसे धाडसाचे, कारण ऑस्ट्रेलियातून तो भारतात 1898 मध्येच आणला गेला, कॉफीवरच्या खवले किडीसाठी. प्रौढ आणि अळी दोन्ही पिठ्या खातात, आणि जिथे तुषार पोचत नाही त्या खाचेत अळी स्वतः उतरते. झाडाच्या आकारानुसार दहा-वीस सोडले जातात. इथे एक गंमतीची पण महागात पडणारी अडचण आहे. या भुंगेऱ्याच्या अळीच्या अंगावरही पांढरे मेणाचे धागे असतात आणि ती थेट मोठ्या पिठ्यासारखी दिसते. फरक इतकाच की ती झपझप चालते आणि काडीने डिवचली तर पळते. पिठ्या जागचा फारसा हलत नाही. हे न सांगता डबा हातात दिला तर पंधरवड्याने बागेत "पांढरे वाढले" असे दिसते आणि शेतकरी विकत आणलेल्या मित्रावरच औषध मारतो. हे ज्ञान कुठल्या लेबलवर सहसा नसते. ते झाडाजवळ उभे राहूनच द्यावे लागते. दुसरी अडचण मुंग्यांची. पिठ्या जो गोड चिकटा सोडतो त्यासाठी मुंग्या त्याला राखतात, भुंगेऱ्याला हुसकतात आणि पिल्ले एका फांदीवरून दुसरीवर नेतात. खोडाला प्लॅस्टिकचा पट्टा गुंडाळून त्यावर ग्रीस लावणे हे काम स्वस्त आहे, साधे आहे, आणि त्याशिवाय भुंगेरे सोडणे म्हणजे अर्धे पैसे पाण्यात.

"जैविकाने कधी एवढी मोठी कीड आटोक्यात आली आहे का?" हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच देशात, आपल्याच डोळ्यांदेखत घडले आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोईमतूरजवळ दिसला आणि थोड्याच काळात महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांपर्यंत पोचला. फवारण्या करूनही बागा काढून टाकाव्या लागल्या. 2010 मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने पोर्तो रिकोमधून ॲसेरोफॅगस नावाची परजीवी गांधीलमाशी आणली, वाढवली, राज्याराज्यांत पाठवली, आणि ही कीड इतकी खाली आली की आज पपई लावणाऱ्या नव्या शेतकऱ्याला तिची आठवणही नसते. कपाशीवर 2006-07 च्या सुमारास आलेल्या पिठ्याचेही तसेच. त्याला एनॅसियस या दुसऱ्या परजीवीने आवरले, आणि ती तर कोणी मुद्दाम आणलीही नव्हती. याच्या उलटचा दाखलाही आहे. कॅलिफोर्नियात संत्र्यावरची कापसी कीड 1888-89 मध्ये आणलेल्या व्हेडालिया भुंगेऱ्याने जवळजवळ संपवली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी सुरू झाली, भुंगेरे मेले आणि कीड परतली. या तिन्हींत मला समान धागा दिसतो तो असा: मित्रकीटक एखाद्याच्या बागेपुरता कधीच काम करत नाही. तो पसरला, टिकला आणि सलग मोठ्या भागात त्याला विषापासून उसंत मिळाली, तेव्हाच त्याने काम केले.

किडीला रोग लावणाऱ्या बुरशीबद्दल थोडक्यात. व्हर्टिसिलियम (आता लेकॅनिसिलियम म्हणतात) सीताफळावर चालते, पण तिला ओल लागते. मराठवाड्यात ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो, दोन-तीन आठवडे आभाळ कोरडे राहते, आणि नेमके तेव्हाच पिठ्या फोफावतो. त्या उघडिपीत दुपारी मारलेली बुरशी सुकून जाते. संध्याकाळी, पावसाच्या झडीनंतर, बुरशीनाशकाची फवारणी जवळपास झालेली नसताना वापरली तर उपयोग. नाहीतर तिला दोष देऊ नये. कोकणात चांगली चालणारी शिफारस बालाघाटावर तशीच उचलून आणण्याचा हा परिणाम आहे.

फळमाशीचे गणित मात्र वेगळे, आणि तिथे आपली फसगत सगळ्यात मोठी होते. सापळ्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाला येतात ते फक्त नर. डबीत शेकडो माश्या पडलेल्या दिसल्या की समाधान वाटते, पण अंडी घालणारी मादी त्यात नसतेच. नर मारण्याचा हेतू असा की माद्यांना जोडीदारच मिळू नये. पण एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून निम्मे काय, बहुतेक नर मारले तरी उरलेले काम भागवतात. शिवाय शेजारच्या रानात फळलेली मादी उडत येऊन आपल्या फळात अंडी घालते ती वेगळीच. ही पद्धत पूर्ण यशस्वी झाल्याचा प्रसिद्ध दाखला प्रशांत महासागरातल्या रोटा या छोट्या बेटाचा आहे. 1960 च्या दशकात मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तुकडे विमानातून सबंध बेटावर टाकले गेले आणि फळमाशी तिथून नाहीशी झाली. बेट होते, चहूकडे समुद्र होता आणि एकही कोपरा सुटला नव्हता. धारूरच्या एका एकरात चार सापळे टांगून आपण त्याच निकालाची अपेक्षा धरतो. एका एकरातला सापळा माशी आली आहे की नाही हे सांगतो. तेवढे सांगणेही मोलाचे आहे, पण तेवढेच.

सफरचंदवाल्यांना हा धडा आधी शिकावा लागला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॉडलिंग मॉथ या फळ पोखरणाऱ्या पतंगावर मादीचा वास बागभर पसरवून नराला चकवण्याची पद्धत आली. एकेकट्या बागेत कडेच्या ओळी हमखास किडायच्या, कारण बाहेरून फळलेल्या माद्या यायच्या. 1995 पासून तिथे शेजारशेजारच्या बागा एकत्र घेऊन शेकडो एकरांचे सलग पट्टे केले, तेव्हा फवारण्याही घटल्या आणि किडके फळही घटले. कपाशीची गुलाबी बोंडअळी अमेरिकेने 2018 मध्ये देशातून हद्दपार झाल्याचे जाहीर केले. त्यात बीटी वाण, वंध्य पतंग, गंध आणि हंगामानंतर पऱ्हाट्या मोडणे हे सगळे प्रदेशभर एकाच वेळी केले गेले. तीच अळी, तेच बीटी तंत्र आपल्याकडेही होते, आणि 2017 च्या हंगामात मराठवाडा-विदर्भाची बोंडे पोखरली गेली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. तंत्र सारखे असताना निकाल इतका वेगळा लागतो, तेव्हा कारण तंत्राच्या बाहेर शोधावे लागते.

मग डोंगरावरची आणि बांधावरची सीताफळे तोडून टाकावीत का? हा सल्ला आता उघडपणे दिला जाऊ लागला आहे, आणि फळमाशीपुरते पाहिले तर त्यात तथ्य आहे: न तोडलेले, झाडाखाली सडलेले रानफळ हे माशीचे प्रजननघर असते. अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते आणि तिथून नवी माशी निघते. पण पिठ्याच्या बाजूने पाहिले तर चित्र उलटे आहे. ज्या झाडावर कधी औषध पडले नाही तिथेच भुंगेरे, परजीवी माश्या आणि परागवहन करणारे ते छोटे कीटक टिकून राहतात. पपई आणि कपाशीच्या अनुभवातून जे दिसले त्याला धरून विचार केला तर फवारणीच्या बागांना वेढणारे न फवारलेले रान ही आपली ठेव आहे. ती तोडली तर दर वर्षी डब्यातले भुंगेरे विकत आणण्याची वेळ येईल. शिवाय त्या झाडांची फळे टोपलीत भरून रस्त्याकडेला विकणाऱ्या बायांच्या घरात दसऱ्याच्या तोंडावर येणारा पैसा त्यातूनच येतो. तेव्हा झाड ठेवायचे आणि गळलेले फळ उचलायचे, एवढाच शहाणा मार्ग उरतो. ऐकायला तो फार साधा आहे, आणि सगळे अडते ते इथेच.

कारण ते फळ उचलायचे कधी? सीताफळाची तोडणी सप्टेंबरात सुरू होते आणि नोव्हेंबरात उरकते. दसरा-दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतलेल्या कोयत्यांच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. वस्त्या आणि तांडे रिकामे होतात, मागे म्हातारी माणसे आणि काही लेकरे उरतात, आणि माणसे परततात ती उन्हाळ्याच्या तोंडाला. नेमक्या या काळात झाडाची पाने गळतात, काळी पडून सुकलेली फळे फांदीवर तशीच लोंबत राहतात आणि त्यांच्या खाचांत पिठ्या दडतो. सालीच्या भेगांत, खोडाजवळच्या मातीत आणि मोकाट वाढलेल्या गाजरगवतावरही तो तग धरतो. सुकी फळे काढून जाळणे, खोडाभोवतीची माती चाळवणे, छाटणी करणे, पावसाआधी ग्रीसचा पट्टा बांधणे, ही नव्या पद्धतींची खरी पूर्वतयारी या मोकळ्या महिन्यांत व्हायची असते. "एवढे मजूर आणायचे कुठून?" असे बागायतदार विचारतो तेव्हा त्याला आळशी ठरवणे सोपे असते. मजूर खरोखरच नसतात, आणि ज्याची बांधावर चार झाडे आहेत तो मालक स्वतःच कुठल्यातरी कारखान्याच्या फडात असतो. औषधाच्या फवारणीला एक पंप आणि एक माणूस पुरतो, म्हणून ती टिकून आहे. तिचा निकाल वाईट असला तरी ती या गावाच्या वेळापत्रकात बसते. नव्या पद्धतींच्या पुस्तिकांत मात्र गाव बारा महिने भरलेले असते.

"मग हे इथे होणारच नाही" असा निष्कर्ष काढणारेही आहेत. मला तो घाईचा वाटतो. बोंडअळीच्या 2017 च्या हंगामानंतर कपाशीचे बियाणे 1 जूनच्या आधी शेतकऱ्याच्या हाती पडू नये अशी व्यवस्था कृषी विभाग करू लागला आणि फरदड (हंगामानंतरही तीच कपाशी राखणे) न घेण्याचा प्रचार गावागावात झाला. सगळ्यांनी पाळले नाही, पण लावणीची तारीख ही खासगी बाब राहिली नाही, शिवाराची झाली. सीताफळात याहून सोपे काम करायचे आहे. सुकी-गळलेली फळे गोळा करून दोन-अडीच फूट खोल पुरण्याचे काम दसऱ्याच्या आधी, माणसे गावात असताना, तोडणीबरोबरच सुरू करता येते. खराब फळाला क्रेटमागे थोडी मजुरी ठेवली तर तोडणारी बाईच ते वेगळ्या पोत्यात टाकेल. शेतकरी उत्पादक कंपन्या गर काढण्यासाठी फळ घेतात तिथे चांगल्या मालाबरोबर किडक्या मालाचीही आवक मोजता येईल. खर्च कोणी करायचा हा आक्षेप उरतो. सापळे आणि भुंगेरे यांना योजनांतून अनुदान मागता येते, कारण त्यांचे बिल निघते. गळलेले फळ उचलण्याचे बिल निघत नाही. सामुदायिक प्रात्यक्षिकाच्या अंदाजपत्रकात पन्नास सापळ्यांची रक्कम दिसते, पण ते सापळे निकामी ठरू नयेत म्हणून डोंगरपायथ्याला वाकून फळे वेचणाऱ्या बाईच्या दोन आठवड्यांच्या रोजाला त्यात ओळच नसते.